विद्येसाठी परदेशगमन : दारावरचे तीन प्रश्न

परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे परदेशगमनाचे काम झालेच, असा समज पुष्कळ घरांतून आढळतो. विद्यापीठाचे पत्र येते, पेढे वाटले जातात, आप्तेष्टांचे अभिनंदनाचे निरोप येतात. आणि मग केव्हातरी ध्यानात येते की, विद्यापीठाने दिलेला प्रवेश वेगळा आणि त्या देशाने दिलेला प्रवेश वेगळा. पहिला प्रवेश अध्यापकांची समिती देते, दुसरा एक सरकारी अधिकारी देतो. पहिल्यासाठी अर्जाची छाननी कित्येक आठवडे चाललेली असते. दुसऱ्याचा निर्णय वकिलातीच्या काचेच्या खिडकीपाशी बहुधा दोन-चार मिनिटांत होतो. त्या दोन-चार मिनिटांवर घरची शिल्लक, क्वचित् गहाण पडलेली जमीन आणि एका तरुण मनाची दोन-तीन वर्षांची तयारी अवलंबून असते. म्हणून हा विद्यार्थी-व्हिसा मागताना नेमके काय विचारले जाते आणि त्याचे उत्तर कशाच्या बळावर द्यावयाचे, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

देशोदेशीचे नियम निरनिराळे आहेत. जर्मनी वर्षाच्या निर्वाहाची रक्कम तेथील बंदिस्त खात्यात आगाऊ भरून घेते. इंग्लंड ठरावीक रक्कम खात्यात सलग २८ दिवस राहिल्याचा पुरावा मागते. या भाषणापुरते अमेरिकेचे उदाहरण घेतले आहे. त्याची कारणे दोन. एक तर २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि २००९ नंतर प्रथमच त्यांची संख्या चिनी विद्यार्थ्यांहून अधिक झाली. दुसरे असे की, विद्येसाठी अमेरिकेस जाण्याची मराठी माणसाची परंपरा जुनी आहे, आणि ती पाहिली म्हणजे आजचे प्रश्न कोठून आले, हे चांगले उमगते.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा त्यांनी नुकतीच अठरा वर्षे पुरी केली होती. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांच्यापाशी व्हिसा नव्हता. त्या काळी अमेरिकेस तो लागतच नसे. दार सर्वांना मात्र उघडे नव्हते. आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला होता, आणि मजूर नसलेल्या चिनी प्रवाशाला आपल्या सरकारचा दाखला आणण्यास फर्मावले होते. हिंदी माणसाकडे अद्याप कोणाची दृष्टी वळली नव्हती, इतकेच. परंतु वकिलातीने विचारले नाही, म्हणून आनंदीबाईंना कोणी विचारले नाही, असे मुळीच नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी जे भाषण केले, त्यात लोक आपणास काय काय विचारतात, याची यादीच त्यांनी मांडली. अमेरिकेसच का जाता? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकट्याच का जाता? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही काय? अशा एकेका प्रश्नाचे त्यांनी सविस्तर उत्तर दिले. यांतील पहिले दोन प्रश्न आज मुंबईच्या किंवा हैदराबादच्या वकिलातीत जसेच्या तसे विचारले जातात, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्यानंतर तीस वर्षांनी, १९१३ मध्ये, भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांनाही व्हिसाची खिडकी ओलांडावी लागली नाही. तथापि बडोद्यात एका करारावर सही करावी लागली. सयाजीराव महाराजांच्या सरकारने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचे त्यांच्याकडून लिहून घेतले. म्हणजे काय शिकणार, पैसा कोठून येणार आणि परत येणार की नाही, हे तिन्ही प्रश्न तेथे विचारले गेलेच. ते परक्या सरकारने न विचारता पैसा देणाऱ्या संस्थानाने विचारले, एवढाच भेद.

पुढे हे प्रश्न कायद्याच्या पुस्तकात गेले. १९१७ च्या कायद्याने अमेरिकेने आशियाच्या फार मोठ्या भागातील लोकांना बंदी केली. त्या भागात हिंदुस्थान होता. विद्यार्थ्यांना मात्र सवलत होती. १९२४ च्या कायद्याने विद्यार्थ्यांचा निराळा वर्ग केला. केवळ शिक्षणाच्या हेतूने आणि मान्यताप्राप्त संस्थेतच त्याने आले पाहिजे, आणि तो शाळा सोडून गेला तर संस्थेने सरकारला कळविले पाहिजे, असे त्यात ठरले. १९५२ च्या कायद्याने आज ज्याला एफ वर्गाचा व्हिसा म्हणतात तो निर्माण झाला, आणि विद्यार्थ्याचे मायदेशी घर असले पाहिजे व ते सोडून देण्याचा त्याचा इरादा नसला पाहिजे, ही अट स्पष्टपणे लिहिली गेली. भारताच्या बाजूनेही एक अडसर होता. पासपोर्ट देणे न देणे ही बराच काळ सरकारची मर्जी समजली जाई. एप्रिल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचा निर्णय दिला, आणि त्याच वर्षी संसदेने पासपोर्टचा कायदा केला. आपल्या देशाबाहेर पडणे हा अशा रीतीने नागरिकाचा हक्क ठरला. परक्या देशात शिरणे हा मात्र कोणाचाच हक्क नाही. त्यासाठी विनंती करावी लागते, आणि विनंतीला आधार द्यावा लागतो.

आता त्या आधाराचा क्रम पाहू. अमेरिकन सरकारने मान्य केलेले विद्यापीठच परदेशी विद्यार्थ्याला ‘आय-२०’ नावाचे पत्रक देऊ शकते. त्यावर अभ्यासक्रम, त्याचा आरंभ व शेवट, वर्षाचा खर्च आणि तो खर्च कोण सोसणार, हे सारे छापलेले असते. त्यानंतर विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘सेविस’ व्यवस्थेचे ३५० डॉलर शुल्क भरावयाचे. ‘डीएस-१६०’ हा अर्ज संगणकावर भरावयाचा. व्हिसाच्या अर्जाचे शुल्क भरावयाचे. एके दिवशी बोटांचे ठसे व छायाचित्र द्यावयाचे आणि नेमल्या दिवशी मुलाखतीस उभे राहावयाचे. बडोदे, इंदूर वा ग्वाल्हेर येथील विद्यार्थ्याला त्यासाठी मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते. बेळगावकराला मुंबई, चेन्नई वा हैदराबाद. मुलाखतीचा दिवस लवकर मिळेलच, असे नाही. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकन सरकारने नव्या मुलाखती देणे सुमारे तीन आठवडे थांबविले होते. जूनमध्ये ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी आपली समाजमाध्यमांवरील खाती तपासणीसाठी सर्वांना खुली ठेवावीत, असा नवा दंडक घालण्यात आला. तेव्हा आय-२० हाती येताच पुढील पावले उचलणे आणि त्या त्या वेळचे नियम वकिलातीच्या अधिकृत पत्रकावरून स्वतः वाचून घेणे, यांत आळस करून चालत नाही.

कागदांचा हा ढीग मोठा दिसला, तरी त्यांतून अधिकाऱ्याला तीनच गोष्टी हव्या असतात.

पहिली गोष्ट हेतू. हाच विषय का, हेच विद्यापीठ का, आणि आतापर्यंतच्या शिक्षणाशी त्याचा सांधा कसा जुळतो? ज्या विद्यार्थ्याने विद्यापीठाची निवड स्वतः केली आहे, त्याला या प्रश्नाची भीती नसते. तेथील कोणत्या प्राध्यापकांचे काम आपल्या विषयाशी जुळते, कोणती प्रयोगशाळा आहे, कोणते विषय घ्यावयाचे आहेत, हे तो साध्या शब्दांत सांगतो. ज्याचे विद्यापीठ दुसऱ्याच कोणी निवडलेले असते, तो मात्र विद्यापीठाच्या जाहिरातीतील वाक्ये म्हणू लागतो. पाठ केलेले उत्तर आणि मनातले उत्तर यांतील फरक दिवसभर उत्तरे ऐकणाऱ्या माणसाला लगेच कळतो.

दुसरी गोष्ट ऐपत. पहिल्या वर्षाचा सारा खर्च भागविण्याइतका पैसा हाताशी असला पाहिजे, आणि पुढील वर्षांचा पैसा कोठून येणार, हे पटण्याजोगे सांगता आले पाहिजे. वडिलांचे वेतन, घराची बचत, बँकेने मंजूर केलेले शैक्षणिक कर्ज, विद्यापीठाची शिष्यवृत्ती, यांतील काहीही चालते. पण त्याचा माग लागला पाहिजे. मुलाखतीच्या आधी चार दिवस कोणाकडून तरी रक्कम आणून खात्यात टाकावयाची आणि नंतर परत करावयाची, ही युक्ती पुष्कळ ठिकाणी सुचविली जाते. खात्याचा उतारा पाहणाऱ्याला ती एका दृष्टीत दिसते. शिवाय त्या युक्तीने व्हिसा मिळाला, तरी दुसऱ्या सत्राची फी ती भरीत नाही. परदेशी पोहोचलेल्या मुलाला मग बेकायदा नोकरीच्या मागे लागावे लागते, आणि त्याचे शिक्षण व त्याचा व्हिसा दोन्ही धोक्यात येतात. म्हणून हा हिशेब वकिलातीसाठी मांडण्यापूर्वी घरातल्या घरात, आईवडिलांसमोर, डॉलरच्या चढत्या भावासकट मांडला पाहिजे. कर्जाचा मासिक हप्ता किती, नोकरी लांबली तर तो कोण भरणार, गहाण काय पडणार, हे प्रश्न अधिकारी कदाचित् विचारणार नाही. घराने ते विचारलेच पाहिजेत.

तिसरी गोष्ट परतीची, आणि ती सर्वांत अवघड. न्यायालयात आरोपीला गुन्हा शाबीत होईपर्यंत निर्दोष मानतात. अमेरिकन कायद्याचे २१४(ब) हे कलम याच्या उलट आहे. अर्ज करणारा प्रत्येक जण कायमचा राहण्यासाठीच येत आहे, असे ते गृहीत धरते. तसे नाही, हे अर्जदाराने पटवून द्यावयाचे असते. विशीतल्या मुलाच्या नावावर घरदार नसते, हे अधिकाऱ्यालाही ठाऊक असते. तो शोधीत असतो तो विद्यार्थ्याच्या बोलण्यातील पुढच्या आयुष्याचा नकाशा. बेळगावच्या एखाद्या अभियंत्याने सांगितले की, गावात फाउंड्र्यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि धातूच्या ओतकामाचे नवे तंत्र शिकून त्यात शिरावयाचे आहे, तर ते कळते. गोव्याची एखादी मुलगी सागरविज्ञान शिकण्यास जात असेल, तर दोना पावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, हे तिला आपल्या उत्तरात सांगता येते. बडोद्याच्या रसायन उद्योगाकडे, हैदराबादच्या औषधनिर्मितीकडे, इंदुराजवळच्या पीथमपूरच्या मोटार कारखान्यांकडे पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाही असाच धागा सापडेल. तो धागा खरा मात्र असला पाहिजे. जो विद्यार्थी आपल्या गावात विद्येचा उपयोग काय होईल, याचा विचार व्हिसाच्या आदल्या रात्री प्रथम करतो, त्याचे उत्तर तोकडे पडणारच.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बाजारात तयार मिळतात, हे या विषयातले खरे संकट आहे. गावोगावी सल्लागारांच्या कचेऱ्या आहेत. त्यांतील पुष्कळ जण प्रामाणिकपणे काम करतात. परंतु काही जण बनावट अनुभवपत्रे, फुगविलेली खाती आणि पढविलेली उत्तरे विकतात, आणि त्यांचे परिणाम विद्यार्थी भोगतो. जानेवारी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर सरकारने धाड घातली. तेथे हजाराहून अधिक परदेशी विद्यार्थ्यांची नोंद होती. त्यांत बहुसंख्य भारतीय, आणि त्यांतही तेव्हाच्या आंध्र प्रदेशाचे पुष्कळ. काहींच्या घोट्याला त्यांचा ठावठिकाणा कळविणारी यंत्रे बांधण्यात आली. संस्थेच्या चालकाला २०१४ मध्ये सोळा वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली, पण विद्यार्थ्यांची गेलेली वर्षे काही परत आली नाहीत. २०१९ मध्ये मिशिगन राज्यातील फार्मिंग्टन विद्यापीठाचे प्रकरण उघडकीस आले. ते विद्यापीठच सरकारी अधिकाऱ्यांनी सापळा म्हणून चालविले होते. तेथे वर्ग भरत नसत. जानेवारी महिन्यात ताब्यात घेतलेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते. सरकारने असा सापळा लावावा की नाही, याबद्दल तेव्हा पुष्कळ वाद झाला. पण जेथे वर्गच भरत नाही अशा विद्यापीठाला फी भरताना घरातील कोणीतरी दोन प्रश्न विचारावयास हवे होते, याबद्दल वाद होऊ नये. कॅनडात २०२३ मध्ये अनेक भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रेच बनावट असल्याचे, ते तेथे जाऊन काही वर्षे झाल्यावर, निष्पन्न झाले. त्यांतील कित्येकांना स्वतःलाही त्याचा पत्ता नव्हता. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्र थेट संस्थेकडून पडताळून घेण्याचा नियम कॅनडाने केला.

तेव्हा सल्ला कोणाचाही घ्यावा. परंतु अर्ज स्वतः भरावा, निदान प्रत्येक ओळ स्वतः वाचून मगच सही करावी. विद्यापीठाशी पत्रव्यवहार स्वतःच्या पत्त्यावरून करावा आणि फी थेट विद्यापीठाला पाठवावी. पूर्वी कोठे व्हिसा नाकारला गेला असेल, तर तो लपवू नये. नाकारल्याची नोंद आड येतेच असे नाही. जाणूनबुजून केलेली खोटी विधाने मात्र अमेरिकन कायद्याप्रमाणे कायमच्या बंदीला कारण होऊ शकतात. सल्लागाराने खोटे लिहिले, ही सबब सही करणाऱ्याला फारशी उपयोगी पडत नाही.

इतके सारे करूनही नकार येऊ शकतो. कलम २१४(ब) खालील नकारावर अपील नाही. नव्याने शुल्क भरून पुन्हा अर्ज करण्याची मुभा तेवढी आहे. कधी अधिक चौकशीसाठी कागद राखून ठेवले जातात, तेव्हा वाट पाहावी लागते. नकाराने मुले खचतात. ज्या घरी पेढे वाटून झालेले असतात, तेथे तो नकार बदनामीसारखा वाटतो, आणि शेजारीपाजारी त्यात भर घालतात. वस्तुतः तो विद्यार्थ्याच्या बुद्धीवर दिलेला निकाल नव्हे. बुद्धीची परीक्षा विद्यापीठाने आधीच घेतलेली असते. काही मिनिटांत एका अधिकाऱ्याची खात्री पटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो अधिकारी चुकूही शकतो. अशा वेळी आपले उत्तर कोठे अंधुक राहिले, हे पाहून, परिस्थितीत काही खरा बदल असल्यास पुन्हा अर्ज करावा. किंवा विद्यापीठाला लिहून प्रवेश पुढील सत्रापर्यंत राखून ठेवण्यास सांगावे. मुख्य म्हणजे घरच्यांनी त्या दिवशी मुलाला हिशेब विचारू नये. विदेशाचे एक दार न उघडल्याने विद्येचा मार्ग बंद झाला, असे आजवर कधी झालेले नाही.

व्हिसा मिळाला, तरी त्याचा अर्थ मर्यादितच असतो. तो विमानतळापर्यंत नेणारा परवाना आहे. देशात घ्यावयाचे की नाही, हे तेथील अधिकारी ठरवितो. पुढेही दर सत्रात पूर्ण अभ्यासक्रम घेणे, सत्र चालू असता विद्यापीठाच्या आवारात आठवड्यास वीस तासांहून अधिक काम न करणे, आवाराबाहेर परवानगीवाचून नोकरी न धरणे, हे नियम पाळावे लागतात. १९२४ मध्ये जी माहिती विद्यापीठाने पत्राने कळवावी अशी अपेक्षा होती, ती आता संगणकाने तत्काळ कळते.

परतीच्या प्रश्नाविषयी अखेर एक विचार राहतो. परत येणार काय, हा प्रश्न परका अधिकारी विचारतो. पण परत आलेल्याला घर काय देते, हा प्रश्न विचारणारी खिडकी कोठेही नाही. आंबेडकर १९१७ मध्ये न्यूयॉर्क व लंडन येथील अभ्यास करून कराराप्रमाणे बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेऊन आलेल्या त्या विद्वानाला बडोदे शहरात राहावयास जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले असता तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले, आणि थोड्याच काळात त्यांना बडोदे सोडावे लागले. पुढे १९३५ च्या सुमारास त्यांनी अशा अनुभवांची आत्मकथनपर टिपणे लिहिली. ती ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’, म्हणजे व्हिसाच्या प्रतीक्षेत, या नावाने प्रसिद्ध आहेत. सातासमुद्रांपलीकडच्या विद्यापीठाने आत घेतलेल्या माणसाला आपल्याच देशातील गावात शिरण्याचा परवाना मिळत नव्हता, हे त्या नावाचे सांगणे आहे.

खिडकीपाशी उभ्या असलेल्या मुलाने परतीचे उत्तर खरे द्यावे, ही अपेक्षा रास्तच आहे. ते उत्तर खरे ठरावे अशी नोकरी, अशी प्रयोगशाळा आणि असा मोकळा शेजार येथे उभा करणे, हे त्याला निरोप देणाऱ्यांचे काम आहे.